उतरेपर्यंत अंधार

दुपारच्या सुट्टीत नाट्यगृहात चिटपाखरूही नसतं, अशी तिची खात्री होती. म्हणून तर ती आली होती. रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहायचं, एकदा मोठ्यानं बोलून बघायचं आणि कोणी यायच्या आत पसार व्हायचं, इतका साधा बेत. चोरसुद्धा याहून धीटपणे वावरतात.

रंगमंचावर एक कामचलाऊ बल्ब जळत होता. ती मधोमध आली. घसा खाकरला. तोंड उघडलं...

"जरा डावीकडे," वरून आवाज आला.

तिचं तोंड उघडंच राहिलं.

"घाबरू नका. मी वर आहे."

ओसाड नाट्यगृहात डोक्यावरच्या काळोखातून असं वाक्य आलं, की माणसाला नेमका किती धीर येतो हे ज्याचं त्यानं ठरवावं. अभिनयाच्या वर्गात किंचाळण्याचे नाना प्रकार शिकवले होते. ऐनवेळी त्यातला एकही आठवला नाही. उचकीसारखा 'हीक्' असा एक आवाज तेवढा निघाला.

"को... कोण आहे?"

"प्रकाशयोजनेचा विद्यार्थी. दिवा लावतोय."

डोळे काळोखाला सरावल्यावर तिला एक उंच शिडी दिसली, आणि शिडीच्या टोकाला एक मुलगा. अनोळखी पाहुणा आला की कडेवरचं मूल आईला बिलगतं, तसा तो छताखालच्या लोखंडी पाइपला बिलगला होता.

"पण तुमच्या हातात दिवा कुठेय?"

"लावून झाला."

"मग खाली या ना."

वर त्यानं पाइपला आणखी घट्ट धरलं.

"तोच विचार चाललाय. मघापासून."

तिला एकदम हसू फुटलं. भीती ओसरताना येणारं हसू जरा बेतालच असतं. "अय्या! उंचीची भीती वाटते?"

"उंचीची काही नाही. खाली जमीन आहे, तिची वाटते."

"आणि मला डावीकडे कशाला सरकवत होतात?"

"कोणी आलं की काम चालू आहे असं दाखवावं लागतं ना... बरं, शिडी धरता का जरा? एक पायरी सैल आहे तिची."

तिनं शिडी धरली. तो डोळे घट्ट मिटून उतरू लागला. दर पायरीला एक प्रश्न.

"धरलीय ना?"

"धरलीय."

"सोडली नाही ना?"

"अहो नाही सोडली!"

सैल पायरीवर पाय पडला तशी शिडी अशी खडखडली की तो जागच्या जागी थिजला, आणि तीही. शेवटी एकदाचे पाय जमिनीला लागले. त्यानं गुडघे झटकले, शर्ट नीट केला आणि जमिनीवर पोचलेल्या पुरुषाच्या आवाजात म्हणाला, "तसा मी एकटाही उतरलो असतो."

"हो तर. पदवीदानापर्यंत नक्कीच."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग बल्बकडे पाहिलं. मग परत तिच्याकडे. "डावीकडेच बऱ्या दिसता," तो म्हणाला, "म्हणजे... प्रकाश बरा पडतो."

त्याचे कान लाल झाले होते. प्रकाशयोजनेत हा रंग शिकवत नाहीत.

विभागात त्याला सगळे 'दिवटा' म्हणत. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून नाटकाचे दिवे शिकायला आल्यावर हे नाव आधी त्याच्या वडिलांनी ठेवलं होतं. मित्रांनी ते नुसतं पुढे चालवलं. तिचं नाव 'ससुली'. हे वर्गानंच ठेवलं होतं, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता. पदव्युत्तर वर्गात येऊनही, कोणी नुसतं "पुढे ये" म्हटलं तरी तिचे तळहात गार पडत. एकदा उभी राहिली, पहिलं वाक्य बोलली, की मात्र पोरीचं काम असं व्हायचं की वर्ग खुर्चीच्या टोकाला सरके. गोची फक्त पहिल्या वाक्याच्या अलीकडे होती, आणि शेवटच्या वाक्याच्या पलीकडे.

घरी तर नाटकात एम. ए. करायचंय म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला होता. "नाटकं करायला पदवी लागते? तुझ्या आत्याला कोणी दिली?" आत्या तिथंच बसली होती, तिनं ते कौतुक म्हणूनच घेतलं. शेवटी तह झाला. पहिल्या फटक्यात पास झाली तर नाटक; नापास झाली तर काकांचं चष्म्याचं दुकान. काका भला माणूस. पण त्या दुकानात दिवसभर भिंतीवरची अक्षरं लहान लहान होत जातात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आता काही दिसत नाही." आपलं आयुष्य असंच ओळीओळीनं बारीक होत जाईल, याची तिला सगळ्यात जास्त भीती होती.

तर अशा या दोघांचा एक करार झाला. तो शिडीवर चढेल तेव्हा ती शिडी धरेल. ती बोलायचा सराव करील तेव्हा तो शेवटच्या रांगेत बसेल, आणि ऐकू आलं की हात वर करील.

काही आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"नाक थोडं वर कर," शिडीवरून तो म्हणे.

"का? आहे तसं चालत नाही?"

"नाक उत्तम आहे. त्याची सावली पडतेय... ओठांवर."

"मग दिवा हलव. नाक माझं आहे."

"दिवा हलवायचा तर एक हात सोडावा लागेल!"

ती शिडी आणखी घट्ट धरे. "सोड. मी आहे ना खाली."

आणि तो सोडे. एक हात, क्षणभर. दिवा इंचभर वळे आणि तिच्या चेहऱ्यावर कोवळा उजेड सांडे. मग वरून नेहमीचा प्रश्न येई— "धरलीय ना?"

शेवटच्या वर्षाच्या नाटकात तिला मुख्य भूमिका मिळाली, आणि खऱ्या भीतीला तिथून सुरुवात झाली.

नाटक एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीचं होतं. शेवटच्या प्रसंगात ती एकटी मनोऱ्यावर उभी असते. बाप गेलाय, जहाजं येईनाशी झालीयत. ती आपल्या हातानं दिवा मालवते. संपूर्ण अंधार. पुन्हा उजेड येतो तेव्हा मनोरा रिकामा. बस्स, नाटक संपलं. कागदावर फार सुंदर. कागदाला जिना उतरावा लागत नाही. मनोऱ्याचा जिना लाकडी, अरुंद, एका बाजूनं कठड्याशिवाय. आणि तो मिट्ट काळोखात उतरून विंगेत पोचायचं.

पायऱ्यांवर चमकत्या पट्ट्या लावायला बाईंनी मनाई केली होती. बाई म्हणजे दिग्दर्शनाच्या प्राध्यापिका. त्यांचा आवाज कधी चढत नसे. तो उतरत असे, आणि तो उतरला की खोलीतली हवाही उतरे.

पहिल्याच मोठ्या तालमीत ती घात करून बसली. दिवा मालवला, काळोख झाला, ती दोन-तीन पायऱ्या उतरली... आणि पाय पुढे जाईना. खाली पायरी आहे की नाही? ती हवेत पाय धरून उभी राहिली. तेवढ्यात ठरल्या वेळी उजेड आला. मनोरा रिकामा नव्हता. मनोऱ्यावर एका पायावर उभा बगळा होता.

सगळे हसले. वाईट मनानं नाही. पण हसण्यात मन कुठं दिसतं?

बाई हसल्या नाहीत. आवाज उतरवून म्हणाल्या, "परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणारेत. त्या दिवशी मनोऱ्यावर माणूस दिसला, तर नाटक संपलं. तुझं वर्षही. आणखी एकदा असं झालं तर भूमिका राखीवकडे जाईल."

राखीव म्हणजे ऐनवेळची सोय म्हणून तिची सगळी वाक्यं पाठ करून बसलेली मैत्रीण. मुलगी स्वभावानं गोड. रोज सकाळी न चुकता विचारायची, "बरी आहेस ना गं? घसा-बिसा?" बरी आहे म्हटलं की तिचा चेहरा किंचित पडे.

पुढच्या तालमीला एक चमत्कार झाला. काळोखात जिन्याच्या पायथ्याशी अगदी मिणमिणता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा उजेड होता. ती सरळ उतरून गेली. विंगेतून तिनं मागच्या कंट्रोल रूमच्या काचेकडे पाहिलं. आतून एक हात वर झाला. शेवटच्या रांगेतून व्हायचा, तसाच.

पण रंगीत तालमीला, म्हणजे परीक्षेच्या आदल्याच दिवशी, बाई नेमक्या पहिल्या रांगेत बसल्या.

"हा अंधार गळतोय," त्या म्हणाल्या.

कंट्रोल रूमच्या काचेमागे एक डोकं खाली झालं.

"जिन्याखालचा दिवा काढ. आत्ता. प्रकाशयोजनेच्या परीक्षेत अंधारालाही गुण असतात, हे विसरू नकोस."

तो दिवा काढायला शिडीवर चढला. शिडी तिनंच धरली होती. वर त्याचे हात कापत होते, खाली तिचे. मधल्यामध्ये शिडी बिचारी दोघांचंही कापणं सोसत खडखडत होती.

मग दोघं नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर चहाचे कागदी कप घेऊन बसली. ढग भरून आले होते. चहा कोणीच पीत नव्हतं.

"मी राखीवला सांगून टाकते," ती म्हणाली. "तिचा घसा उत्तम आहे."

"आणि तू?"

"मी काय... चष्मे विकीन. 'आता दिसतंय का? आता?'"

तो हसला नाही. कप हातात फिरवत म्हणाला, "लहानपणापासून भितेस अंधाराला?"

"अंधाराला?" तिनं नवल वाटून त्याच्याकडे पाहिलं. "सगळ्यांना तसंच वाटतं. अंधाराला मी नाही भीत रे. अंधारात बरं असतं, कोणी बघत नाही. मी भिते ती उजेडाला... तो कधी येईल, कळत नाही ना. पाय उचलला की वाटतं, आत्ता आला. आत्ता सगळे बघतील. मग पायच जात नाही पुढे." तिचा आवाज ओला झाला. "एवढी मोठी घोडी झाले, आणि..."

त्यानं कप खाली ठेवला.

"उजेड कोण आणतं?"

"म्हणजे?"

"उजेड आपोआप येतो का? कोण आणतं?"

"...तू."

"मग ऐक. तू उतरल्याशिवाय मी उजेड करणार नाही."

"बाई आरडाओरडा करतील."

"बाई ओरडत नाहीत. त्याहून वाईट काहीतरी करतात. करू देत."

"आणि तुझे गुण? परीक्षक म्हणतील दिवेवाला झोपला."

"मला दिवटा उगाच म्हणतात का?" तो म्हणाला, पण आवाजात धार नव्हती, तोही घाबरलेला होता. "फक्त एक. तू उतरलीस हे मला कळणार कसं? मलाही दिसणार नाही."

दोघं विचारात पडली. मग दोघांच्या तोंडून एकदमच निघालं,

"शिडी!"

शिडी विंगेतच उभी असे, जिन्याच्या पायथ्याला लागून. ती खडखडली की समजायचं, सुखरूप.

परीक्षेच्या दिवशी पाऊस आला. साधासुधा नाही, नाट्यगृहाच्या पत्र्यावर कोणी खडीचे ट्रक रिकामे करतंय असा. या आवाजात शिडी ऐकू जाईल? काचेमागे बसलेल्याला? विंगेतून तिनं मान वर करून पाहिलं. कंट्रोल रूमची काच सरकवलेली होती, आणि तिथला पत्रा गळत असावा, कारण दिवट्याच्या डोक्यावर रुमाल होता.

सातव्या रांगेत बाबा, आई, काका आणि आत्या. पहिल्या रांगेत बाई, कानाला कंट्रोल रूमशी बोलायचा हेडफोन. शेजारी बाहेरचे परीक्षक, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर जगातली सगळी नाटकं बघून दमल्याचा भाव. विंगेत राखीव. "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे," ती म्हणाली, आणि रंगमंचावर गेली.

पहिलं वाक्य निघालं. मग दुसरं. नाटक सुरू झालं की ती ससुली राहत नसे, हे आपण पाहिलंच आहे. तिनं बापाची वाट पाहिली, वाऱ्याशी भांडली, दिवा पुसला. मफलर हळूहळू पुढे झुकत गेला. आणि मग तो क्षण आला. तिनं मनोऱ्यावरच्या दिव्याकडे शेवटचं पाहिलं, हात पुढे केला, मालवला.

अंधार.

एक पायरी. दुसरी. पाऊस पत्रा फोडत होता. तिसरी... आणि पाय थांबला. तोच. तिथंच. हवेत.

आत्ता येईल उजेड. आत्ता. मानेवरचे केस उभे राहिले. पाठीवरून घामाचा थेंब ओघळला. सगळे दिसतील. बाबा दिसतील. काका, त्यांचं दुकान, भिंतीवरची अक्षरं... आत्ता. आत्ता.

उजेड आला नाही.

प्रेक्षकांत कोणी खोकलं. एक खुर्ची करकरली. पावसाच्या आवाजातूनही एक ओळखीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"दिवे गेले वाटतं."

"गप्प बस, दादा," आत्याची कुजबुज. "कला आहे ती."

कंट्रोल रूममध्ये दिवट्याच्या कानात बाईंचा आवाज आला. "उजेड." त्याचा हात बोर्डावर होता. "उजेड," बाई म्हणाल्या, आणि आवाज आणखी उतरला. इतका उतरलेला आवाज विभागात यापूर्वी कोणी ऐकलेला नव्हता. दिवट्यानं काय केलं? त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला, आणि सरकवलेल्या काचेतून अर्धा बाहेर झुकून, पावसाच्या आवाजात कान लावून बसला. खाली पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं की आपण किती उंचावर आहोत.

जिन्यावर तिच्या काहीतरी लक्षात येत होतं. अंधार संपत नव्हता. एखादं यंत्र बिघडून राहावा तसा तो नव्हता. कोणीतरी तो धरून ठेवला होता. एक माणूस आपलं वर्ष, बाईंचा राग, सगळं पणाला लावून तो घट्ट धरून बसला होता, शिडी धरावी तसा. *धरलीय ना? धरलीय. सोडली नाही ना?*

तिला हसू यायला लागलं. त्या मिट्ट काळोखात, एका पायावर, रडू यावं तसं हसू.

आणि पाय खाली आला. पायरी होती. तिथंच होती. पुढचीही होती.

जमीन लागताच तिनं चाचपडत शिडी पकडली आणि जीव खाऊन हलवली. सैल पायरी कर्कश खडखडली. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा हलवली. आणखी एकदा. शेवटी राखीवनंच तिचा हात धरला. "बास गं! मोडशील!"

उजेड आला. हळूहळू, पहाट उजाडावी तसा. मनोरा रिकामा होता.

टाळ्या सुरू झाल्या तेव्हा पाऊस ऐकू येईनासा झाला.

नंतरच्या चर्चेत परीक्षकांनी मफलर सैल केला. "शेवटचा अंधार!" ते म्हणाले. "माणूस अस्वस्थ होईपर्यंत लांबवलेला. फार धाडसी निर्णय. आणि मग तो खडखडाट! जुन्या साखळ्या तुटाव्यात तसा. काय सुचवायचंय त्यातून?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"ते प्रेक्षकांवर सोडलंय," बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी मान डोलावली आणि घसघशीत गुण मांडले. सगळे उठल्यावर बाई दिवट्याजवळ थांबल्या. त्याच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. "तुम्ही दोघंही पास झालात," त्या म्हणाल्या. "अंधार चांगला होता. पुन्हा हेडफोन काढलास तर तुला पडदा ओढायला बसवीन." आणि जाता जाता, त्यांच्या मानानं बऱ्याच चढ्या आवाजात, म्हणाल्या, "केस पूस."

बाबा लेकीला दाराशी भेटले. चष्मा काढून पुसत होते. बराच वेळ पुसत होते. "छान केलंस हो," ते म्हणाले. "शेवटी दिवे गेले, तरी सांभाळून घेतलंस."

"हो बाबा," ती म्हणाली.

काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दुकानात मी दुसरी मुलगी बघतो."

घरची मंडळी छत्र्या शोधायला गेली आणि ती पुन्हा आत आली. नाटक उतरवायचं काम सुरू झालं होतं. मनोऱ्याचे तक्ते एकेक करून विंगेत चालले होते. रंगमंचाच्या मधोमध शिडी, शिडीच्या टोकाला तो, काढलेला दिवा एका हातात, दुसऱ्या हातानं पाइपला मिठी.

"जरा डावीकडे," वरून आवाज आला.

ती डावीकडे सरकली, म्हणजे सरळ शिडीखाली, आणि तिनं शिडी धरली.

"ऐक ना," तो म्हणाला. "एक सांगायचंय. वरूनच सांगतो."

"खाली येऊन सांग."

"खाली आल्यावर धीर होणार नाही. इथं आधीच इतका घाबरलोय, की त्यात आणखी थोडं घाबरलो तरी... खपून जाईल."

तिचं काळीज धडधडू लागलं. जिन्यावर धडधडलं होतं तसंच. पण पाय कुठेही अडकला नव्हता.

"सांग."

"मला तू... म्हणजे मला तुझ्याशिवाय..." तो थांबला. मग डोळे घट्ट मिटून एका दमात म्हणाला, "मला तू आवडतेस. पहिल्या 'हीक्'पासून."

खाली शांतता.

"ऐकलंस का?" वरून घाबरा आवाज आला. "काहीतरी बोल ना. शिडी धरलीय ना?"

तिनं एक हात वर केला. शेवटच्या रांगेत ऐकू आल्यावर करतात, तसा. मग लक्षात आलं की त्याचे डोळे मिटलेले आहेत. म्हणून तिनं शिडी हलवली. हळूच. सैल पायरी खडखडली.

"अगं! अगं, पडेन ना!"

"नाही पडत," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. "ये सावकाश. तू उतरल्याशिवाय मी सोडणार नाही."

"आणि उतरल्यावर?"

ती हसली. "उतर तर खरं."